भिंतीचा दोष हवेच्या माथी: हीट पंप घेण्याआधीच्या हिशोबाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

घर तापवणारा गॅसचा बॉयलर अठरा वर्षांचा झाला. हा हिवाळा तो काढेल, पुढचा काढेलच असं नाही. त्याच्या जागी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र, बसवायचा हे घरात ठरलं आहे. प्रश्न एवढाच की किती किलोवॅटचा.

आज एक कंत्राटदार येऊन गेला. वीस मिनिटं घरात फिरला, एकही माप घेतलं नाही. "१२६ चौरस मीटर ना? मीटरला १०० वॅट धरा, साडेबारा किलोवॅट झाले. थोडा हातचा ठेवू, १६ चं मशीन घ्या. तुमचा बॉयलर तर २४ चा आहे!"

बॉयलरचे २४ किलोवॅट हा घराच्या गरजेचा पुरावा नाही. नळ उघडल्याबरोबर शॉवरला गरम पाणी मिळावं म्हणून तो एवढा मोठा असतो. बॉयलर मोठा घेतला तर फार बिघडत नाही, तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. हीट पंपाचं तसं नाही. कॉम्प्रेसर एका मर्यादेखाली हळू चालू शकत नाही. मशीन गरजेपेक्षा फार मोठं असेल तर हिवाळ्यातले बहुतेक दिवस ते दहा मिनिटं चालणार आणि बंद पडणार. त्यात वीज जास्त जाते आणि कॉम्प्रेसर झिजतो. उलट लहान घेतलं तर ऐन थंडीत आईची खोली गार पडणार.

एक पूर्ण हिवाळा हातात आहे. हिशोब स्वतः करायचा आणि गॅसच्या मीटरवर त्याचा ताळा करायचा, असं ठरवलं.

१२ नोव्हेंबर

पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. घरातली उष्णता दोन वाटांनी जाते: भिंत, छत, खिडक्या, जमीन यांच्यातून आरपार, आणि बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर.

पहिल्या वाटेचं सूत्र साधं आहे. क्षेत्रफळ गुणिले यू-मूल्य गुणिले आतबाहेरच्या तापमानातला फरक. यू-मूल्य म्हणजे एका चौरस मीटरमधून, एक अंशाचा फरक असताना, किती वॅट निसटतात ते. जितकं कमी तितकं चांगलं.

आतलं तापमान सरासरी २० धरलं. आईची खोली आणि बाथरूम २२, वरच्या झोपायच्या खोल्या १८. बाहेरचं तापमान उणे ५. हे आजवरच्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान नाही. हवामानाच्या नोंदींत वर्षाचे साधारण एक टक्का तास याहून थंड असतात, म्हणून हा आकडा. दहा वर्षांतल्या एका रात्रीसाठी मशीन निवडलं तर बाकीच्या सगळ्या रात्री ते चुकीचं ठरतं. भिंतींतही उष्णता साठलेली असते. दोनचार तासांची जास्त थंडी घर तसंच सोसतं.

म्हणजे फरक २५ अंशांचा. पुढे सगळीकडे हाच आकडा.

१६ नोव्हेंबर

शनिवार-रविवार मोजमापात गेले. मुलीने टेपचं दुसरं टोक धरलं आणि आकडे वहीत लिहिले.

घर आतून ९ बाय ७, दोन मजले, प्रत्येकी अडीच मीटर उंच. आतली हवा ३१५ घनमीटर. मधल्या स्लॅबची जाडी धरून बाहेरच्या भिंती १६६ चौरस मीटर, त्यातून खिडक्या १८ आणि दारं ४ वजा केली की निव्वळ भिंत १४४. छत ६३, जमीन ६३.

खिडकीच्या कडेला भिंतीची जाडी २८ सेंटिमीटर भरली. म्हणजे विटेचे दोन पडदे आणि मध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटरची पोकळी. घराच्या फाइलमध्ये जुना कागद आहे, त्यावर "भिंतींच्या पोकळीत मिनरल वूल भरले" असं लिहिलंय (मिनरल वूल म्हणजे उष्णता अडवणारी खनिज लोकर). त्यावर विसंबून चारही भिंती भरलेल्या धरल्या.

माळ्यावर चढून इन्सुलेशनमध्ये पट्टी खुपसली. १० सेंटिमीटर. दोन ठिकाणी ते बाजूला सारून कुणीतरी खोकी ठेवली होती, ती उचलली आणि लोकर परत पसरली.

१९ नोव्हेंबर

भिंतीचं यू-मूल्य. आयएसओ ६९४६ या आंतरराष्ट्रीय मानकाची रीत अशी: प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिला त्या पदार्थाच्या वाहकतेने भागायचं की त्या थराचा रोध मिळतो, सगळे रोध एकापुढे एक मिळवायचे आणि एकाला त्या बेरजेने भागायचं.

आतल्या पृष्ठभागालगतचा हवेचा थर ०.१३. गिलावा ०.०३. आतली वीट ०.१८. पोकळीतली लोकर, साडेसहा सेंटिमीटर भागिले ०.०४, म्हणजे १.६३. बाहेरची वीट ०.१३. बाहेरचा हवेचा थर ०.०४. बेरीज २.१४, यू-मूल्य ०.४७.

कुतूहल म्हणून लोकर नसती तर काय, तेही काढलं. रिकाम्या पोकळीतल्या हवेचा रोध जेमतेम ०.१८. मग बेरीज ०.६९ आणि यू-मूल्य १.४५. तिप्पट! वहीच्या समासात हा आकडा लिहून ठेवला आहे.

छत ०.४०, जुन्या दुहेरी काचेच्या खिडक्या २.८, दारं ३.०.

२५ अंशांना: भिंती १,६९२ वॅट, छत ६३०, खिडक्या १,२६०, दारं ३००. खिडक्या भिंतींच्या एक-अष्टमांश, पण गळती भिंतींच्या तीनचतुर्थांश.

कोपरे, लिंटेल (खिडकी-दारांवरच्या तुळया), स्लॅबच्या कडा यांतून जी जादा उष्णता पाझरते तिच्यासाठी उघड्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ०.१ वाढवून धरले. त्याचे ५७२.

२१ नोव्हेंबर

जमिनीला २५ अंशांचा फरक लावायचा नसतो. तो लावायची चूक मी आधी केली होती. घराखालची माती बाहेरच्या हवेबरोबर उणे ५ ला जात नाही, ती वर्षाच्या सरासरी तापमानाच्या जवळ राहते. इथे १० धरलं. आयएसओ १३३७० प्रमाणे जमिनीचं यू-मूल्य तिच्या क्षेत्रफळाच्या आणि परिमितीच्या गुणोत्तरावर ठरतं, कारण उष्णता मुख्यतः कडांनी निसटते. आपल्या इन्सुलेशन नसलेल्या कोब्याला ०.७० आलं. ईएन १२८३१ या युरोपीय मानकातला १.४५ चा गुणक लावून ६४० वॅट.

२४ नोव्हेंबर

आता हवा. सूत्र: ०.३३ गुणिले घरातली हवा घनमीटरमध्ये, गुणिले तासाला ती किती वेळा बदलते, गुणिले फरक. ०.३३ म्हणजे एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा, वॅट-तासांत.

अडचण मधल्या आकड्याची आहे. तासाला किती वेळा? टेपने ते मोजता येत नाही. जुन्या घरांच्या तक्त्यात १.५ सापडतो, तो घेतला. ३१५ × ०.३३ × १.५ × २५ = ३,८९८ वॅट.

सगळी बेरीज ८,९९२. नऊ किलोवॅट.

कंत्राटदाराच्या १६ पेक्षा खूप कमी, तरी समाधान वाटत नाही. भिंती, काचा, छत यांच्यावर दोन दिवस घालवले, आणि नऊपैकी जवळजवळ चार किलोवॅट एका तक्त्यातून उचललेल्या आकड्यावर उभे आहेत. तो ०.५ असेल तर घर ६.४ चं, २ असेल तर सव्वादहाचं.

१ डिसेंबर

आजपासून रोज सकाळी सातला गॅस मीटर वाचायचा. बाहेर उत्तरेच्या बाजूला, भिंतीपासून दोन हात दूर, ऊन लागणार नाही अशा ठिकाणी तापमान नोंदवणारं यंत्र टांगलं. घरात थर्मोस्टॅट रात्रंदिवस २० वर. चढउतार केला तर रोजच्या आकड्यांतून काही हाती लागणार नाही.

५ डिसेंबर

आई म्हणते, रात्री नको तेवढं गरम होतं. ताळा होईपर्यंत थोडं सोस, म्हटलं. वरच्या खोल्यांचे रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारी पॅनेलं) अर्धवट बंद केले. म्हणजे हिशोबातही वरच्या खोल्या १८ च.

१२ जानेवारी

४२ दिवसांचे आकडे झाले. आज आलेख काढला. आडव्या अक्षावर त्या दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान, उभ्यावर त्या दिवशी घराला मिळालेली उष्णता.

उष्णता अशी काढली: घनमीटर गॅसला साधारण ११ युनिट, त्यातून आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचे वजा (उन्हाळ्यातल्या वाचनांवरून दिवसाला ०.९ घनमीटर), उरलेल्याचे ८५ टक्के. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता याहून जास्त धरायला मन धजत नाही.

ठिपके बऱ्यापैकी एका रेषेत पडले. ढगाळ दिवस थोडे वर, उन्हाचे थोडे खाली. बाहेर १७ अंश असताना रेषा शून्याला टेकते, २० ला नाही. मधले तीन अंश माणसं, दिवे, उपकरणं आणि ऊन भरून काढतात. पण मला हवा होता तो रेषेचा चढ. बाहेर एक अंशाने थंडी वाढली की दिवसाला जवळजवळ ६.८ युनिट जास्त लागतात. म्हणजे अंशाला २८२ वॅट.

कागदावरचा हिशोब याच भाषेत मांडला, जमिनीचा भाग वगळून, कारण ती रोजच्या थंडीबरोबर बदलत नाही. अंशाला ३३४ वॅट येतात. कागद मीटरपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जास्त बोलतो.

कुठला आकडा कच्चा हे आधीच माहीत होतं: हवेचा. भिंती-छताचे अंशाला १७८ वॅट धरले तर मीटरमधले उरलेले १०४ हवेचे. त्यावरून तासाला बरोबर एक वेळा. दीडच्या जागी एक घातला, बेरीज ७.७ किलोवॅट झाली आणि कागद मीटरला तंतोतंत जुळला.

आज फार बरं वाटलं. रात्री मुलीलाही रेषा दाखवली.

१९ जानेवारी

आईची खोली. तळमजल्यावर, ईशान्येचा कोपरा. तिथे बसलं की खांद्याला गार लागतं, ही तिची जुनी तक्रार. खोलीतलं थर्मामीटर २१ दाखवतं, म्हणून आम्ही सगळे तिला शाल दे, पांघरूण दे करत आलो. आता माझ्याकडे कारण होतं. तासाला एक वेळा हवा बदलते म्हणजे कुठून तरी ती शिरत असणार. आज फट शोधायला बसलो.

टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि तिच्या खुर्चीमागे स्कर्टिंगच्या कडेने धरत गेलो. खिडकीच्या चौकटीच्या चारही बाजू, प्लगचा डबा, रेडिएटरचे पाइप जमिनीत जातात ती जागा, सगळीकडे. पट्टी हलली नाही. बाहेर वारा होता, झाडं डोलत होती. पट्टी सरळ लोंबत राहिली.

"अरे, वारा नाही येत," आई म्हणाली. "मी वाऱ्याचं कधी म्हटलं? भिंत गार आहे. भिंत अंगाला लागते."

तिने हे पूर्वीही सांगितलं असेल. मी ऐकलं ते "गार लागतं" एवढंच.

२१ जानेवारी

अंधार पडून तीन तास झाल्यावर, म्हणजे दिवसाच्या उन्हाचा परिणाम जाऊन, इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन भिंती मोजल्या. खोलीत २१, बाहेर १. रेडिएटरपासून दूर, कपाटामागे नाही, कोपऱ्यापासून किमान अर्धा मीटर आत.

दक्षिणेची भिंत, दिवाणखान्यात: १९.८.
आईच्या खोलीतली पूर्वेची: १९.७.
आईच्या खोलीतली उत्तरेची: १७.२.

यंत्र बंद केलं, चालू केलं, परत मोजलं. १७.१. वरच्या मजल्यावर त्याच उत्तर भिंतीला: खोली १८ वर, भिंत १४.८.

असल्या थर्मामीटरच्या एका वाचनावर फार विसंबू नये, अंशभर इकडेतिकडे होतं. पण एकाच यंत्राने, एकाच वेळी, सारख्याच गिलाव्यावर घेतलेल्या दोन वाचनांतला अडीच अंशांचा फरक खोटा नसतो.

मग उलटा हिशोब केला. हवा आणि भिंतीचा पृष्ठभाग यांतला फरक भागिले ०.१३, भागिले आतबाहेरचा फरक, की यू-मूल्य मिळतं. दक्षिणेला १.२ भागिले ०.१३ भागिले २०: ०.४६. उत्तरेला ३.८ वरून: १.४६.

समासात लिहिलेला आकडा १.४५ होता.

२२ जानेवारी

रात्रभर एकच घोळत होतं. उत्तरेची भिंत रिकामी असेल तर मीटर जुळला कसा?

२ फेब्रुवारी

हवाबंदपणाची चाचणी करून घेतली. पुढच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवतात, सगळी दारंखिडक्या बंद करतात आणि घरातली हवा बाहेर फेकत आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवतात. त्यासाठी पंख्याला तासाला ३,७८० घनमीटर हवा काढावी लागली. म्हणजे घरातली हवा तासाला बारा वेळा बदलली. रोजच्या परिस्थितीत तिचा अंदाज घ्यायला ठोकळ नियमाने २० ने भागतात: ०.६.

पंखा चालू असताना घरभर पट्टी घेऊन फिरलो. माळ्याच्या झाकणाला शिट्टीसारखा आवाज येत होता, बाथटबच्या मागे पाइपच्या भोकातून हाताला वारा लागत होता. आईच्या खोलीत पट्टी जेमतेम हलली.

संध्याकाळी वही उघडली. हवेचे अंशाला १०४ वॅट धरले होते, ते प्रत्यक्षात ६२. मीटर तर २८२ च सांगतो. म्हणजे ४२ वॅट दुसरीकडून जातायत, आणि ते भिंती-छतातूनच जाणार.

उत्तरेची निव्वळ भिंत ४३ चौरस मीटर. रिकाम्या आणि भरलेल्या यू-मूल्यांतला फरक ०.९८. गुणाकार: ४२.

दोनदा करून पाहिला.

६ फेब्रुवारी

बाहेरून, विटांच्या मधल्या दर्जात, म्हणजे मसाल्याच्या सांध्यात, १२ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि तारेच्या टोकावरचा छोटा कॅमेरा आत सारला. दक्षिणेला तो बोटभर जाऊन पिवळ्या लोकरीत रुतला. उत्तरेला सरळ आत गेला. स्क्रीनवर भिंतीच्या आतल्या पडद्याच्या विटा, दोन पडदे बांधणारी तार, तिच्यावर बांधकामाच्या वेळी पडून सुकलेला मसाल्याचा गोळा. बाकी काळोख. कॅमेरा फिरवून खाली पाहिलं, वर पाहिलं. लोकरीचा धागाही नाही.

परत येताना आणखी एक दिसलं. बाकीच्या तीन भिंतींच्या दर्जांमध्ये साधारण मीटरभर अंतराने नंतर बुजवलेल्या भोकांचे गोल ठिपके आहेत, रंगात किंचित फिके. लोकर तिथूनच आत फुंकली होती. उत्तरेच्या भिंतीला एकही ठिपका नाही. इतकी वर्षं त्याच भिंतीशेजारून मी कचऱ्याचे डबे ओढत नेतो.

आईला स्क्रीनवरचं चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग "हं" म्हणाली.

१० फेब्रुवारी

दुरुस्त हिशोब: भिंतींत उत्तरेचे १,०५३ वॅट वाढले, हवेचे २,५९९ वरून १,५५९ झाले. बेरीज ७.७ किलोवॅट. म्हणजे १२ जानेवारीचीच!

त्या दिवशी कागद मीटरला जुळला तो असा. एक चूक वर, एक खाली, आणि भिंतीचा दोष मी हवेच्या माथी मारून मोकळा झालो. बेरीज बरोबर, वाटणी चुकीची. मशीनची क्षमता तरीही ठीकच निघाली असती, मग एवढं जीवाला का लावून घेतो? कारण रेडिएटर बेरजेवर निवडत नाहीत, खोलीखोलीच्या वाटणीवर निवडतात. जुन्या वाटणीत आईच्या खोलीला ९८० वॅट होते, खरी गरज १,०७२. दक्षिणेच्या खोल्यांना मात्र प्रत्येकी शंभरच्या वर फुकट. शिवाय हवा दोषी समजून मी उरलेला हिवाळा फटी बुजवत बसलो असतो आणि आईच्या खांद्यामागची भिंत तशीच राहिली असती.

मीटरचा ताळा सोडायचा नाही, तो हवाच. पण मीटर फक्त बेरीज सांगतो. कुठल्या खोलीतून काय जातं हे त्याला विचारता येत नाही.

२५ फेब्रुवारी

उत्तरेची भिंत भरून घेतली. आधी विटांमधल्या दर्जा (सांधे) तपासून दोन ठिकाणी मसाला नवा भरला आणि तळाशी साचलेला राडारोडा काढला. पोकळीत असं काही राहिलं की लोकरीतून ओल आतल्या पडद्याला पोचते. काम एका दिवसाचं.

माळ्यावर लोकर ३० सेंटिमीटर केली. छपराच्या कडांची वायुवीजनाची जागा मोकळी ठेवली, नाहीतर लाकूड घामेजतं. झाकणाला रबरी पट्टी लावली.

३ मार्च

नवी बेरीज: भिंतींतून १,०५३ कमी, छतातून ४१० कमी. ६.२ किलोवॅट. झाकणाच्या पट्टीमुळे हवेचा आकडा ०.६ च्या खाली गेला असेल, पण तो तसाच ठेवला. पूर्ण हिशोबात हा एवढाच हातचा. प्रत्येक ओळीला थोडं थोडं वाढवत गेलं की कंत्राटदाराचे १६ कसे होतात ते आता समजतं.

मशीनच्या नावावरच्या किलोवॅटवर जायचं नाही. ते बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचे असतात. बाहेरची हवा जितकी थंड आणि पाणी जितकं गरम, तितकं मशीन कमी देतं, आणि शून्याच्या आसपास दमट हवेत बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो, तो वितळवण्यातही वेळ जातो. उत्पादकाच्या तक्त्यात उणे ५ आणि ४५ अंश पाण्याची ओळ शोधली. नावाने ६ चं मशीन तिथे ५.१ देतं, ८ चं ६.७. बर्फ वितळवण्याची घट त्यात धरली आहे हे तळटिपेत पाहून घेतलं.

८ चं घ्यायचं. ते २.५ किलोवॅटपर्यंत हळू चालतं. बाहेर १० अंश असताना घराला साधारण २ लागतील, म्हणजे सौम्य दिवसांत थोडी चालू-बंद होईल, तेवढी चालेल. कंत्राटदाराच्या १६ च्या मशीनची खालची मर्यादा ५ किलोवॅट निघाली. घराला ५ लागायला बाहेर शून्याच्या आसपास उतरावं लागतं. म्हणजे हिवाळ्यातले बहुतेक सगळे दिवस ते चालू-बंद करत बसलं असतं.

८ मार्च

रेडिएटर. त्यांच्यावर लिहिलेले वॅट, पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंश गरम असतानाचे. आपण पाणी ४५ ला पाठवणार, ४० ला परत येणार, सरासरी साडेबेचाळीस. २० च्या खोलीत फरक २२.५ उरतो. रेडिएटरची उष्णता फरकाच्या १.३ व्या घाताने कमी होते, त्यामुळे १,५०० चा रेडिएटर ५३० देतो. आईच्या २२ च्या खोलीत तर लिहिलेल्याच्या ३१ टक्केच.

भिंत भरल्यावर त्या खोलीची गरज ८५५ वॅट. त्यासाठी २,७२० चा रेडिएटर हवा: दुहेरी पॅनेलचा, ६० सेंटिमीटर उंच, १.६ मीटर लांब. खिडकीखाली बरोबर बसतो. भिंत रिकामी राहिली असती तर ३,४०० लागले असते, तेवढा तिथे मावला नसता आणि नाइलाजाने सगळ्या घराचं पाणी जास्त तापवावं लागलं असतं. पाण्याचा एकेक अंश वाढला की वीज दोन-अडीच टक्के जास्त. एका खोलीसाठी हा दंड सगळ्या घराने भरला असता.

एकूण पाच रेडिएटर बदलायचे, चार तसेच राहतील.

पाइप: पाच अंशांच्या फरकाने ६.२ किलोवॅट वाहून न्यायला मिनिटाला १८ लिटर पाणी लागतं. बॉयलर वीस अंशांच्या फरकावर साडेचार लिटरमध्ये तेवढं नेत असे. मशीनपासूनचा मुख्य पाइप २८ मिलिमीटरचा घ्यायचा.

१४ मार्च

अंघोळीचं पाणी. २०० लिटर, १५ वरून ५० अंशांवर: ८.१ युनिट, साधारण सव्वा तास. त्या वेळात खोल्यांना उष्णता नाही, म्हणून पहाटे आधीच उरकायचं. जिवाणूंच्या धोक्यामुळे अधूनमधून ६० ला नेण्याची सोय टाकीत आहे.

२० मे

बसवलं. दुसऱ्या कंत्राटदाराकडून, ज्याने माझी वही मागून घेऊन दोन प्रश्न विचारले. पाण्याच्या वाटेवर उष्णता मोजणारा मीटर मी आग्रहाने बसवून घेतला.

९ जानेवारी

काल या हिवाळ्यातला सर्वांत थंड दिवस, चोवीस तासांची सरासरी उणे ४. मीटरने खोल्यांसाठी १३२ युनिट दाखवले, सरासरी साडेपाच किलोवॅट. हिशोबाने उणे ४ ला ६.० येतात, माणसं आणि उपकरणांची उष्णता वजा जाता साडेपाचच्या आतबाहेर. मशीन दिवसभर बंद पडलं नाही, फक्त बर्फ वितळवायला थांबत होतं.

रात्री आईच्या खोलीत गेलो. हवा २२, उत्तरेची भिंत २०.४. आईने खुर्ची भिंतीला टेकवली आहे. शाल कपाटात.

राहिलेलं काम: वरचं बाथरूम २० च्या वर चढत नाही. तिथे मी टॉवेल वाळवायच्या नळ्यांचा रेडिएटर त्यावर लिहिलेल्या आकड्याने धरला होता, पण त्यावर टॉवेल असतात हे धरलं नव्हतं. रविवारी उरलेल्या भिंतीचं माप घेऊन तिथे अरुंद पॅनेल बसतं का पाहायचं.